गॅसच्या नळीवरची तारीख पाहिली का?



या महिन्याचा आरोग्याचा पाठ औषधगोळीचा नाही. तो आपल्या शेगडीपासून टाकीपर्यंत जाणाऱ्या नळीचा आहे.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते तेव्हाची गोष्ट. रात्रपाळी संपत आली होती आणि एक तिशीतली बाई भाजून आली. सोबतची सासू सारखं एकच सांगत होती, "सिस्टर, तिनं काडीसुद्धा ओढली नव्हती हो." खरंच ओढली नव्हती. रात्रभर नळीतून गॅस गळत राहिला होता. पहाटे उठून तिनं दिव्याचं बटण दाबलं आणि तेवढ्यानं खोली पेटली. नंतर नवऱ्यानं सांगितलं की नळी कडक पडली होती, म्हणून गल्लीत शेगड्या दुरुस्त करत फिरणाऱ्याकडून बदलून घेतली. त्यानं पाण्याची साधी नळी कापून लावली आणि वरून बांधकामाची तार आवळली. शे-दीडशे रुपये वाचले. सहाव्या दिवशी ती बाई गेली. मागे दोन लेकरं राहिली.

तिच्या घरच्यांना कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर ती आज असती. त्याच गोष्टी इथे लिहिते.

गॅस वागतो कसा?

टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबाखाली पातळ करून भरलेले असतात. बाहेर पडला की हा पातळ गॅस सुमारे अडीचशे पट फुगतो, म्हणून थोडी गळतीही खोली भरायला पुरते. हवेच्या शंभर भागांत गॅसचे दोनच भाग मिसळले तरी ठिणगीनं पेट घेतो.

दुसरी गोष्ट, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. धुरासारखा वर जात नाही. तो जमिनीवर पसरतो, मोरीत, पलंगाखाली, कोपऱ्यात साचतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, दार उघडावंच लागतं. आपली घरं एका खोलीची. तिथेच शेगडी, तिथेच अंथरूण आणि तिथेच बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेपुढची मेणबत्ती. वंदनेची मेणबत्ती शेगडीच्या समोरच्या भिंतीला, उंच फळीवर ठेवा. काडी ओढण्याआधी एकदा नाकानं खात्री करा.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम घालतात. पण त्याच हवेत बराच वेळ बसलं की नाक सरावतं आणि वास येईनासा होतो. सर्दी झालेल्याला, म्हाताऱ्या माणसाला तो कमीच येतो. म्हणून बाहेरून आलेला माणूस "वास येतोय" म्हणाला तर त्याचं ऐका.

उज्ज्वलाची नळी आता म्हातारी झाली

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तिच्यातली आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादला देण्यात आली. त्या काळात आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी बायांची पऱ्हाट्यांच्या धुरातून सुटका झाली. चांगलं झालं. पण जोडणीसोबत मिळालेल्या 'सुरक्षा' नळीची मुदत पाच वर्षांची असते. म्हणजे २०१६ ते २०१९ मधली प्रत्येक नळी आज मुदतीबाहेर गेली आहे. जोडणी देताना फोटो निघाले. नळी बदला म्हणून सांगायला मात्र फारसं कुणी दारात आलं नाही.

ही नळी बहुधा नारिंगी असते आणि तिच्या पोटात तारेची जाळी असते, त्यामुळे उंदीर ती सहज कुरतडू शकत नाही. तिच्यावर आयएसआय खूण आणि तयार झाल्याचं वर्ष छापलेलं असतं. ते वाचता येत नसेल तर लेकराकडून वाचून घ्या. त्या वर्षात पाच मिळवा. मुदत उलटली असेल तर नळी वरून नवी दिसली तरी बदला. किंमत दीडशे-दोनशे रुपयांच्या आसपास असते.

नळी दीड मीटरहून लांब नको. मधे जोड नको. भिंतीतून किंवा शेगडीखालून ओढलेली नको. वरून कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळू नका, गुंडाळलं की चीर दिसत नाही. टाकी नेहमी उभी ठेवा आणि शेगडी टाकीपेक्षा उंच जागी ठेवा.

काम कुणाच्या हातून?

नळी, रेग्युलेटर, शेगडीचा कॉक यांचं काम गॅस एजन्सीच्या प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घ्या. त्याचं ओळखपत्र पाहा आणि पैशाची पावती घ्या. पावती मागताना लाजू नका. पावती मागणं म्हणजे अविश्वास नव्हे, तो आपला हक्क आहे. नळाचं काम करणारा मिस्त्री पाण्याच्या कामात कितीही हुशार असो, गॅसचा जोड हे त्याचं शिक्षण नाही. पाण्याचा जोड गळला तर भिंत ओली होते. गॅसचा जोड गळला तर काय होतं ते वर सांगितलंच.

टाकी घेतानाही घाई करू नका. सील तपासा. आणणाऱ्याला वजन करून दाखवायला सांगा. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. टोपण काढून तोंडाशी गळती नाही ना, आतलं रबरी वायसर जागेवर आहे ना, हे त्याच्याकडूनच तपासून घ्या. टाकीच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूनं एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडे वर्षाचे. टाकीची पुढची चाचणी तोवर व्हायला हवी असा त्याचा अर्थ. ती तारीख उलटून गेली असेल तर टाकी परत करा.

मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून घेणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय जिवाशी खेळ आहे. ऊसतोडीला आणि बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांनी एजन्सीची पाच किलोची टाकी घ्यावी.

पुण्या-मुंबईच्या पाइप गॅसचं काय?

आपल्या परभणी, गंगाखेड, जिंतूरकडची कितीतरी लेकरं पुण्या-मुंबईत आहेत. तिथे अनेक घरांत पाइपनं गॅस येतो. तो मिथेन असतो, हवेपेक्षा हलका, वर जाणारा. त्या घरात फरशी किंवा ओटा बदलायचा म्हणून पाइप सरकवायचा असेल तर फरशीवाल्याला हात लावू देऊ नका. गॅस कंपनीला कळवा, तिचाच अधिकृत प्लंबर येईल. पाइप भिंतीत गाडू नका, त्यावर कपडे वाळत घालू नका आणि घरातला बंद करायचा कॉक कुठे आहे ते सगळ्यांना दाखवून ठेवा.

आणखी एक चूक होते. पुण्याहून परत येताना माणसं तिथली शेगडी सोबत आणतात आणि इथे टाकीला जोडतात. पाइप गॅससाठी शेगडीच्या जेटचं भोक मोठं केलेलं असतं. टाकीच्या गॅसवर ती लावली की ज्योत पिवळी, उंच, भडकती येते. मेकॅनिककडून जेट बदलून घेतल्याशिवाय ती पेटवू नका.

साबणाच्या पाण्याची तपासणी

महिन्यातून एकदा वाटीभर पाण्यात साबण फेसाळा. शेगडीचे कॉक बंद ठेवा आणि रेग्युलेटर चालू करा. फडक्यानं तो फेस नळीवर, दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरला लावा. बुडबुडे फुगले तर तिथे गळती आहे. रेग्युलेटर लगेच बंद करून एजन्सीला कळवा. काडी लावून गळती शोधायची नाही, कधीच नाही. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

वास आला तर

१. कोणतंही बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. घरात मोबाइल वापरू नका.
२. जवळ मेणबत्ती, उदबत्ती, चूल पेटती असेल तर विझवा.
३. दार-खिडक्या उघडा, लेकरं आणि म्हातारी माणसं बाहेर काढा.
४. जमत असेल तर रेग्युलेटर बंद करून काढा आणि टाकीला टोपण लावा.
५. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. गळतीसाठी तो चोवीस तास चालू असतो.

आग लागली असेल तर सामान वाचवायला आत जाऊ नका. अग्निशमनाला १०१ वर कळवा.

भाजलं तर

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका. जमिनीवर लोळा, वरून जाड सुती चादर किंवा घोंगडी टाका. भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ नको. हळद, शाई, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नका. बांगड्या, अंगठी सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. अंग जास्त भाजलं असेल किंवा लेकरू असेल तर पाणी ओतता ओतता ते गारठणार नाही हे पाहा. धुतलेल्या सुती कापडानं झाका आणि १०८ ला फोन करा. चेहरा भाजला असेल, आवाज घोगरा झाला असेल तर एक क्षणही थांबू नका. आतून श्वासाची नळी सुजत असते.

विम्याची गोष्ट

गॅसमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांचा विमा असतो. त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचाराला माणशी जास्तीत जास्त २ लाख आणि नोंदणीच्या पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीला जास्तीत जास्त २ लाख अशी तरतूद आहे. त्यासाठी एजन्सीला ताबडतोब लेखी कळवा, पोलिसांत नोंद करा आणि दवाखान्याची कागदं जपून ठेवा. घर बदललं असेल तर गॅसच्या पुस्तिकेवरचा पत्ताही बदलून घ्या. त्या बाईच्या घरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तिका माळ्यावरच्या ट्रंकेत होती आणि नवऱ्यानं ती कधीच कुणाला दाखवली नाही.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की महिला मंडळानं चार-पाच घरांच्या जोड्या लावाव्यात. एकीनं दुसरीच्या घरी जाऊन नळीवरचं वर्ष वाचावं आणि वहीत लिहावं. ज्यांची मुदत संपली त्यांची यादी करून एजन्सीला एकत्र अर्ज द्यावा. एकटीच्या अर्जाकडे लक्ष जात नाही, तीस घरांच्या अर्जाची दखल घ्यावी लागते. संघटित व्हा हे बाबासाहेबांचं सांगणं नळीच्या कामालाही लागू पडतं.

जयभीम.