सकाळची उलटी म्हणजे पित्तच?

मूल उठल्याउठल्या ओकलं की घरातल्या कुणालाही निदान करता येतं: पित्त! मग आलं-लिंबू, जंताचं औषध, केमिस्टकडची उलटीची गोळी, व्हॉट्सॲपवरचा काढा. यात महिना निघून जातो.

आधी धीर देतो. मुलांची डोकेदुखी बहुतेक वेळा अर्धशिशी, सर्दी किंवा जागरणामुळे असते. मेंदूत गाठ क्वचितच निघते. पण निघते तेव्हा बरेच दिवस आधीपासून खुणावत असते.

सात वर्षांच्या एका मुलाचं असंच झालं. सकाळी डोकं धरायचा, उलटी झाली की मोकळा, दहाला पोहे खाऊन अंगणात. आजी म्हणाल्या, "शाळेची वेळ टळली की बरा होतो बघा." मी विचारलं, आणि रविवारी? आईने आजींकडे पाहिलं. रविवारीही ओकायचा. टाचेला बोटं लावून सरळ चालायला सांगितलं, तर तिसऱ्या पावलाला त्याने भिंत धरली. डोळ्यांत यंत्राने पाहिलं, दृष्टीची नस सुजलेली. एमआरआयमध्ये लहान मेंदूत गाठ, त्यामुळे मेंदूतल्या पाण्याची वाट अडलेली. रात्रभर आडवं राहिल्याने डोक्यातला दाब आणखी वाढतो, म्हणून त्रास सकाळी. त्याची गाठ सावकाश वाढणाऱ्या जातीची होती, ऑपरेशनवर भागलं. सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही.

उलटी दोन आठवडे किंवा डोकेदुखी चार आठवडे हटली नाही, तर घरगुती उपाय बास. डोकेदुखीने मूल झोपेतून उठत असेल, चालताना झोकांड्या जात असतील, नव्याने तिरळेपणा आला असेल, मान एकीकडे कलती राहत असेल, चांगलं अक्षर अचानक बिघडलं असेल, तर तेवढीही वाट पाहू नका. पहिल्यांदाच फिट आली किंवा मूल गुंगीत जाऊ लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तान्ह्यांना सांगता येत नाही. त्यांची टाळू फुगते, डोकं भराभर वाढतं. "डोकं मोठं म्हणजे हुशार" असं म्हणत बसू नका!

चष्म्याचा नंबर तपासला म्हणजे डोळे तपासले, असं नव्हे. आतली नस पाहायला सांगा. ईईजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यात गाठ दिसत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. लहान मूल स्थिर पडत नाही म्हणून भूल देतात, त्याला घाबरून तारीख पुढे ढकलू नका. आणि येताना तान्ह्याचं लसीकरणाचं कार्ड आणा. डोक्याचा घेर नोंदवला असेल, तर आधीच्या मापाशी ताडून पाहता येतो.