जुन्या गाडीतला दिवा

हळदीचा हंगाम संपतो. माल हिंगोलीच्या बाजारात जातो. हातात चार पैसे येतात आणि घरोघरी बेत सुरू होतात. कोणाला विहीर खोल करायची असते, तर कोणाला लेकीचे लग्न करायचे असते. अलीकडे आणखी एक बेत असतो. चारचाकी घ्यायची. नवी परवडत नाही, म्हणून जुनी.

यात वाईट काही नाही. आपले सिद्धेश्वर पूर्णा नदीच्या धरणाजवळचे गाव. औंढ्याला देवदर्शनाला जायचे, हिंगोलीला दवाखान्यात जायचे, तर घरची गाडी कामाला येते. पण आपण बैल कसा घेतो? दात पाहतो. खुर पाहतो. चार पावले चालवून पाहतो. मग गाडी घेताना नुसता रंग आणि टायर पाहून कसे चालेल?

आमच्या साक्षरता वर्गातल्या एका बाईंच्या घरची गोष्ट सांगतो.

त्यांच्या मुलाने एका व्यापाऱ्याकडे २०१४ सालची गाडी पसंत केली. विसार दिला. बाईंनी व्यापाऱ्याला पावती लिहायला लावली. "गाडीत दोन एअरबॅग आहेत म्हणता ना? मग तेबी लिवा," असे त्या म्हणाल्या. व्यापाऱ्याने हसत हसत लिहून दिले.

बाकीचे पैसे देण्याआधी गाडी गावातल्या मिस्तरीला दाखवली. त्याने किल्ली अर्धी फिरवली. समोरच्या काचेत सगळे दिवे लागले. बाई वाकून पाहत होत्या.

"मिस्तरी, त्या चित्राचा दिवा कामून लागंना? माणूस बसलेला आन् म्होरं गोल चेंडू. पुस्तकात तर हाय."

"मावशी, बरोबर धरलं तुम्ही," मिस्तरी म्हणाला. "किल्ली फिरवली की तो लागायला पाहिजे अन् थोड्या येळानं विझायला पाहिजे. हा तर लागतच नाही."

मुलगा म्हणाला, "आई, एका दिव्याचं काय घेऊन बसलीस?"

मिस्तरीने त्यांना शहरात, यंत्राने तपासणी करणाऱ्या जाणकाराकडे पाठवले. त्याने आधी बॅटरीची तार काढली, थोडा वेळ थांबला आणि मग स्टिअरिंगचे झाकण उघडले. आत पिशवी नव्हतीच! गाडीला पूर्वी मोठा अपघात झाला होता. पिशव्या तेव्हाच उघडल्या होत्या. नव्या न बसवता वरून नुसते झाकण लावले होते. बिंग फुटू नये म्हणून दिव्याची तार तोडली होती.

व्यापारी आधी म्हणाला, "जुन्या मालाची हमी नसते." बाईंनी पावती पुढे केली. व्यापाऱ्याने विसार परत दिला. त्या गाडीत पुढच्या सीटवर त्यांची गरोदर सून बसणार होती.

आता ही पिशवी काय असते, ते पाहू.

एअरबॅग म्हणजे हवेची पिशवी. ती स्टिअरिंगच्या मध्यभागी आणि समोरच्या फळीत घडी करून ठेवलेली असते. गाडी समोरून जोरात धडकली की एक लहान यंत्र ते ओळखते आणि पिशवीजवळच्या डबीला ठिणगी देते. डबीतले औषध पेटते, त्याचा वायू होतो आणि पिशवी फुगते. एका सेकंदाचे वीस भाग केले, तर त्यातल्या एका भागापेक्षाही कमी वेळात हे सारे घडते. माणसाचे डोके स्टिअरिंगवर आपटण्याऐवजी पिशवीवर पडते. ही पिशवी एकदाच कामाला येते. उघडली की नवी बसवावी लागते. प्रत्येक धडकेत ती उघडतेच असेही नाही. गाडी मागून ठोकली, तर समोरची पिशवी बहुधा उघडत नाही. तो बिघाड नव्हे.

पण पिशवी असूनही घात होऊ शकतो. जपानमध्ये ताकाता नावाची कंपनी होती. ती जगभरच्या गाड्यांसाठी या पिशव्या बनवत असे. तिच्या डबीतले औषध अमोनियम नायट्रेटचे होते. हे नाव शेतकऱ्याला नवे नाही. खतातही तेच असते. खताच्या पोत्याला ओल लागली की काय होते, हे आपण जाणतो. डबीतल्या औषधाचेही तसेच झाले. वर्षानुवर्षे ऊन आणि दमट हवा लागून ते बिघडले. मग धडकेच्या वेळी ते हवे त्यापेक्षा फार जोरात पेटे. पत्र्याची डबीच फुटे आणि तिचे तुकडे माणसाच्या अंगात घुसत. वाचवणारी वस्तूच जीव घेऊ लागली. एकट्या अमेरिकेत पंचवीसहून अधिक माणसे अशी मेली. तिथे सुमारे ६ कोटी ७० लाख पिशव्या परत बोलवाव्या लागल्या. २०१७ साली ताकाताचे दिवाळे निघाले.

आपल्या देशातही अशा गाड्या होत्या. होंडा कंपनीने जुलै २०१६ मध्ये १ लाख ९० हजारांहून अधिक गाड्या डबी बदलण्यासाठी बोलावल्या. जानेवारी २०१८ मध्ये २०१३ सालच्या आणखी २२ हजारांवर गाड्या बोलावल्या. याला रिकॉल म्हणतात. यात सदोष भाग कंपनी फुकट बदलून देते.

मग अडचण कुठे आहे? रिकॉलचे पत्र नोंदीतल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. गाडी तीन हात फिरली आणि नाव बदललेच नाही, तर पत्र पहिल्या मालकाच्या घरी पडून राहते. सदोष डबी मात्र आपल्या छातीसमोर राहते. म्हणून गाडी घेतली की नाव लावून घ्या. हिंगोलीच्या आरटीओ कार्यालयात त्याचा अर्ज देता येतो. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० लागतात.

दुसरी गोष्ट. प्रत्येक गाडीला सतरा अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असतो. तो आरसीवर लिहिलेला असतो. तो उतरवून घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर जा आणि विचारा, "या नंबरच्या गाडीचा काही रिकॉल बाकी आहे का?" मोबाइल चालवणारा मुलगा कंपनीच्या संकेतस्थळावरही हे पाहू शकेल. आपण दुसरे किंवा तिसरे मालक आहोत, याचा संकोच करू नका. रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नव्हे.

कायदाही थोडा जाणून घेऊ. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत ती असेलच असे नाही. १ एप्रिल २०२१ पासून, गाडीत दोष आढळला तर सरकार कंपनीला रिकॉल करायला भाग पाडू शकते. पण हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आहे. म्हणजे जुनी गाडी घेणाऱ्याने स्वतःच चौकशी केली पाहिजे.

तक्रार केली तर कोणी ऐकते का? ऐकते. एका ग्राहकाने २०१५ साली ह्युंदाई कंपनीची नवी गाडी घेतली. २०१७ साली अपघात झाला. पिशव्या उघडल्या नाहीत आणि त्याला इजा झाली. धडक पुरेशी जोराची नव्हती, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. धडकेचा वेग आणि जोर यांचे गणित मांडणे हे ग्राहकाचे काम नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. गाडी बदलून देण्याचा आणि तीन लाख रुपये देण्याचा आदेश कायम राहिला.

म्हणून व्यापाऱ्याकडून गाडी घ्याल तर पक्के बिल घ्या. जे तोंडी सांगितले, ते कागदावर लिहून घ्या. फसवणूक झाली तर ग्राहकांसाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज करता येतो. मात्र दोन वर्षांच्या आत करावा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

शेवटी वापराचे दोन शब्द. पट्टा बांधल्याशिवाय पिशवीचा भरवसा धरू नका. पिशवी ही पट्ट्याची सोबतीण आहे, बदली नव्हे. आणि लहान मुलाला पुढे बसवू नका. मांडीवर तर मुळीच नको. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे पुढच्या सीटवरचा सहा वर्षांचा मुलगा पिशवी उघडल्याच्या धक्क्याने दगावला. मोठ्यांना वाचवणारा तो जोर लेकराला सोसत नाही.

लक्षात ठेवा

१. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर तपासणी करा.

२. स्टिअरिंगचे झाकण घरी उघडू नका. ते जाणकाराचे काम आहे.

३. छाती आणि स्टिअरिंग यांत एक वीत आणि वर दोन बोटे अंतर ठेवा.

४. गाडीपुढे लोखंडी गार्ड लावू नका. त्याने धडक ओळखणारे यंत्र फसू शकते.

५. नाव लावून घ्या, नंबर विचारा, कागद जपा.

प्रश्न

१. बाईंचा विसार कशामुळे परत मिळाला?

२. रिकॉलचे पत्र खऱ्या मालकाला का मिळत नाही?

३. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीची आरसी पाहा. चेसिस नंबर शोधा आणि वहीत उतरवा. अक्षरे व अंक मोजा. सतरा भरतात का?