बंद पडलेली किल्ली : निदान आणि उपचार

गाडीच्या रिमोटचं बटण दाबलं आणि दार उघडलं नाही, तर माणूस पहिल्यांदा काय करतो? तेच बटण आणखी जोरात दाबतो. मग हात उंच करून दाबतो, मग काचेला टेकवून दाबतो. तरीही काही झालं नाही की "रिमोट गेला" असं जाहीर करून मोकळा होतो. नवी किल्ली बनवून ती गाडीशी जुळवून घ्यायची म्हणजे बिल हजारांत जातं. दहापैकी बऱ्याच वेळा गेलेली असते ती फक्त नाण्याएवढी बॅटरी, जी शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते. आपल्यापैकी फार कमी जणांकडे गाडी आहे हे मान्य. पण घरी बाबांकडे असते, रेक्टर मॅडमकडे असते, सरांकडे असते. आणि अडलं की विचारलं जातं ते इंजिनिअरिंगच्या पोरांनाच!

आधी किल्लीच्या पोटात काय काय असतं ते पाहू. तिथे दोन वेगळ्या यंत्रणा असतात आणि सगळा घोटाळा त्या एक समजल्यामुळे होतो. पहिली यंत्रणा दार उघडणारी. बटण दाबलं की एक छोटा ट्रान्समीटर रेडिओ संदेश पाठवतो. आपल्याकडच्या गाड्यांत तो बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर असतो, अमेरिकेत बऱ्याचदा ३१५ वर. याला बॅटरी लागते. दुसरी यंत्रणा इंजिन सुरू करू देणारी, म्हणजे इमोबिलायझर. त्यासाठी किल्लीत ट्रान्सपाँडर नावाची बारीक चिप असते. स्विचभोवतीच्या कॉइलमधून साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र येतं, त्यावरच ती चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. सेकंड इयरला शिकलेला ट्रान्सफॉर्मर तो हाच, फक्त मधे लोखंड नाही. याला बॅटरी लागत नाही. म्हणून रिमोटची बॅटरी पूर्ण मेली तरी गाडी सुरू होऊ शकते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता निदान. टीव्हीचा रिमोट आपण मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासतो. इथे ती युक्ती चालत नाही, कारण तो इन्फ्रारेड असतो आणि हा रेडिओ. इथे क्रम असा ठेवायचा.

१) घरातली दुसरी किल्ली वापरून पाहा. ती चालली तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्ही चालत नसतील तर संशय गाडीवर.
२) किल्लीने दार उघडून आतला दिवा बघा. तो लागत नसेल किंवा मिणमिणत असेल तर गाडीची १२ व्होल्टची मोठी बॅटरी उतरलेली आहे. रिमोट उघडण्यात अर्थ नाही.
३) एकाच जागी उभी असताना चालत नाही आणि गाडी दुसरीकडे नेली की चालतं, असं असेल तर आसपास त्याच फ्रिक्वेन्सीवर कोणीतरी गोंगाट करतंय.
४) पूर्वी लांबून उघडायचं, आता अगदी जवळ जावं लागतं, दोन-तीनदा दाबावं लागतं, रिमोटचा दिवा फिका झालाय. ही बॅटरी संपत आल्याची खूण.

इथे कोणीतरी मल्टिमीटर काढतं, बॅटरीला लावतं, २.९ व्होल्ट दिसतात आणि निकाल लागतो, "बॅटरी ठीक आहे." पण हा निकाल कच्चा आहे. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे तो फक्त रिकाम्या बसलेल्या बॅटरीचं व्होल्टेज दाखवतो. बॅटरी म्हातारी होते तेव्हा वाढतो तिचा अंतर्गत रोध, म्हणजे आपला इंटर्नल रेझिस्टन्स. म्हणून तिला थोडं काम देऊन मोजायचं. २२० ओहमचा रेझिस्टर दोन-तीन सेकंद जोडा आणि तेवढ्यात व्होल्टेज वाचा. समजा नव्या बॅटरीचे ३.२ व्होल्ट आणि आतला रोध २० ओहम आहे. व्होल्टेज डिव्हायडरच्या सूत्राने रेझिस्टरवर सुमारे २.९ व्होल्ट मिळतील. जुनीचे २.९ व्होल्ट आणि रोध १५० ओहम धरला, तर मिळतात फक्त १.७! मीटरवर दोघी जवळपास सारख्या, कामाला लावल्यावर जमीन-अस्मानाचा फरक. बटण दाबल्यावर ट्रान्समीटर काही मिलिअँपिअर ओढतो, त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि संदेश अर्धवट राहतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून जो रिमोट दुपारी चालतो तो डिसेंबरच्या पहाटे रुसतो.

बॅटरी विकत घेताना जुनीवरचा नंबर वाचा. सीआर २०३२ या नावात सगळी माहिती आहे. सी म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडची जोडी, आर म्हणजे गोल, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ सुद्धा ३ व्होल्टचीच असते, पण जाडी अडीच मिलिमीटर. ती २०३२ च्या जागी कागदाची घडी घालून बसवणारे महाभाग आहेत, पण गाडीने धक्का खाल्ला की संपर्क सुटतो. एलआयआर २०३२ तर मुळीच नको. ती रिचार्जेबल असते आणि पूर्ण चार्ज केल्यावर ४.२ व्होल्ट देते. आणि आपली सीआर कधीही चार्ज करायला जाऊ नका.

बदलण्याची कृती सोपी आहे, घाई मात्र नको. खाली पांढरा रुमाल पसरा, म्हणजे उडालेला स्क्रू सापडतो. किल्लीच्या कडेला एक खाच असते. तिथे चपटा स्क्रू ड्रायव्हर चिंधीत गुंडाळून घाला आणि हलकेच फिरवा. जोर लावायचा नाही, प्लास्टिकचे आकडे तुटतात. काही किल्ल्यांना आधी स्क्रू काढावा लागतो. उघडल्यावर अधिकची बाजू वर आहे की खाली हे बघून ठेवा, हवं तर फोटो काढा. मोठी सपाट बाजू, जिच्यावर नंबर छापलेला असतो, ती अधिक. नवी बॅटरी कडेने धरा. धातूच्या पट्ट्या खोडरबराने पुसा, त्या दबल्या असतील तर किंचित उचला. हल्ली मुलांनी गिळू नये म्हणून काही बॅटऱ्यांना कडू लेप देतात. तो पट्टीखाली आला तर संपर्क नीट होत नाही, पुसून घ्यावा. बॅटरी सर्किटला सोल्डर केलेली असेल तर आपण हात लावू नये.

एक सूचना ठळकपणे. काही फोल्डिंग किल्ल्यांमध्ये ट्रान्सपाँडरची चिप वेगळी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, नुसती खाचेत ठेवलेली असते. ती टेबलाखाली पडली तर दारं झकास उघडतील, पण इंजिन सुरू होणार नाही.

बॅटरी काढली की किल्ली गाडीला 'विसरते', हा समज बहुतेक गाड्यांबाबत चुकीचा आहे. प्रत्येक दाबाला कोड बदलतो आणि त्याचा मोजणारा आकडा अशा मेमरीत असतो जी वीज गेली तरी पुसत नाही. कीलॉक नावाच्या प्रसिद्ध पद्धतीत गाडी पुढच्या १६ कोडपर्यंत सरळ मान्य करते. खिशात बटण त्याहून जास्त वेळा दाबलं गेलं असेल तर लागोपाठ दोनदा दाबलं की दोघांचा मेळ पुन्हा बसतो.

आता ते लक्षात ठेवलेलं वाक्य. गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलवर एका ज्युनिअरच्या पोटात रात्री एकला असह्य दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता, रेक्टर मॅडमची गाडी दारात होती आणि तिची स्मार्ट किल्ली ढिम्म. वॉचमन काका रिक्षा शोधायला पळाले. मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, किल्लीच्या मागचा खटका सरकवा." आतून लोखंडी किल्ली निघाली. दाराच्या हँडलपाशी झाकणाखाली तिचं भोक होतं. दार उघडताच अलार्म बोंबलायला लागला, सगळं हॉस्टेल जागं झालं. मॅडमनी ब्रेक दाबला, किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली, अलार्मही थांबला. अपेंडिक्स होतं, सकाळी ऑपरेशन झालं. टेकवायची जागा गाडीगणिक वेगळी असते. तुमच्या घरच्या गाडीची मॅन्युअलमध्ये आजच बघा, रात्री एक वाजता नाही.

शेवटचं, आणि सर्वांत महत्त्वाचं. काढलेली बॅटरी टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर लाळेतून करंट वाहतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजू शकतं. 'संपलेल्या' बॅटरीतही तेवढा जोर असतो. नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट हॉस्पिटल गाठायचं आणि एक्स-रे काढायला सांगायचं. जुन्या बॅटरीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ती ई-कचरा किंवा बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या, मेसच्या कचऱ्यात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण त्यांच्यापर्यंत पोचवायच्या आपणच.

तर मित्रमैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा बाबांच्या किल्लीचा नंबर बघा, एक नवी बॅटरी आणा आणि ती पाकिटातच राहू देऊन कुलूपबंद कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. बदलाल त्या दिवशी किल्लीच्या आत पेनाने तारीख लिहा. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला तेवढीच मदत.