गाळणी का तुंबते?

पावसाळ्यात तापीसारखीच भेस्तानकडची आमची विहीरही गढूळते. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर सारखाच विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तळाशी बसत नाहीत. फिल्टरच्या कँडलची छिद्रे आधी त्यांनी बुजतात, मग वर चिखलाचा थर चढतो. थर दुप्पट झाला की धार जवळजवळ निम्मी होते. दुप्पट पाणी गाळायला सुमारे चौपट वेळ लागतो.

धार मंदावली म्हणून कँडल काढू नये. आम्ही पाण्यात तुरटी फिरवतो, रात्रभर निवळू देतो आणि वरचेच पाणी फिल्टरमध्ये ओततो. कँडल मऊ ब्रशने धुतो, साबण लावत नाही. तुरटीने रोगजंतू मरत नाहीत. म्हणून पाणी उकळूनच लेकरांना देतो. तहानलेल्याला दिलेला पेला शुद्धही असावा.