ठशाला तडा, नाण्यावर रेघ

खिशातले एखादे नाणे काढा आणि उजेडात तिरके धरून भिंगातून पाहा. चित्र, अक्षरे आणि अंक पृष्ठभागापेक्षा किंचित वर उचललेले दिसतील. आता समजा, अशा नाण्यावर तुम्हांला एक जादा रेघ दिसली. एकजण म्हणतो, "ही टाकसाळीतली चूक आहे. नाणे दुर्मिळ आहे, पाचशे रुपये द्या!" दुसरा म्हणतो, "छे! कोणीतरी खिळ्याने ओरखडले आहे." खरे कोणाचे मानायचे? याचे उत्तर ती रेघच देते. मात्र त्यासाठी नाणे कसे पाडतात, हे आधी समजून घेतले पाहिजे.

टाकसाळीत धातूच्या पत्र्यातून गोल, कोऱ्या चकत्या कापतात. एकेक चकती पोलादी कड्यात बसते. तिच्या खाली एक आणि वर एक असे दोन पोलादी ठसे असतात. कारखान्यात त्यांना 'डाय' म्हणतात. यंत्राचा प्रचंड दाब पडला की चकतीचा धातू थंड असूनही सरकतो आणि ठशातल्या खोलगट जागा भरून काढतो. कड्यामुळे तो बाहेर पसरू शकत नाही. एकाच ठोक्यात नाण्याच्या दोन्ही बाजू उमटतात.

यातली मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा. ठशावर सारे काही उलटे असते. नाण्यावर जे उंच, ते ठशावर खोल. नाण्यावर जे अक्षर सुलटे, ते ठशावर आरशातल्यासारखे उलटे.

ठसा लवकर झिजू नये म्हणून त्याच्या पोलादाला पाणी देऊन ते कठीण करतात. परंतु फार कठीण पोलाद ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून थोडे चिवट करावे लागते. इतके करूनही हजारो ठोके खाऊन धातू थकतो. यालाच धातूची श्रांती म्हणतात. मग ठशाला केसासारखी बारीक चीर पडते. पुढच्या प्रत्येक ठोक्याला चकतीचा धातू त्या चिरेत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. चीर वाढत जाऊन ठशाच्या काठाचा तुकडाच उडाला, तर नाण्याच्या कडेला धातूचा सपाट फुगवटा येतो. तेथे धातू जास्त ओढला जातो. त्यामुळे बरोबर मागच्या बाजूची नक्षी पुष्कळदा पुसट उमटते.

कधी चकती वेळेवर पुढे सरकत नाही आणि दोन्ही ठसे एकमेकांवरच आदळतात. अशा वेळी एका ठशाच्या चित्राची पुसट खूण दुसऱ्यावर राहते. कधी वंगण आणि मळ ठशातल्या अक्षरात घट्ट बसतो. तेथे धातूला जागाच उरत नाही आणि नाण्यावरचे अक्षर गळते.

अशा चुकांचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १९१३ ते १९३८ या काळात तेथे पाच सेंटचे एक नाणे पाडले जाई. त्याच्या एका बाजूला गवा होता. मुंबईच्या टाकसाळीतल्या नाण्यावर वर्षाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असते, तशी डेन्व्हरच्या टाकसाळीची खूण 'डी' हे अक्षर होती. १९३७ साली डेन्व्हर येथे गव्याचा एक ठसा साफ करताना प्रमाणाबाहेर घासला गेला. ठशाचा पृष्ठभाग खाली गेला आणि पुढच्या एका पायाची उथळ खोली नाहीशी झाली. त्या ठशाने पाडलेल्या नाण्यांवर गव्याला तीनच पाय आले! खूर मात्र राहिला.

पुढे या नाण्यांना मोठी किंमत येऊ लागली, तेव्हा काही लबाडांनी साध्या नाण्यांवरचा पाय खरवडून टाकला. ती लबाडी कशी ओळखायची? नाणे खरवडले तर धातू कमी होतो आणि तेथे घासल्याच्या खुणा राहतात. ठसा घासला तर नाण्याचा धातू जातच नाही. शिवाय अस्सल नाण्यावर गव्याच्या पोटाखाली बारीक, उंच ठिपक्यांची ओळ दिसते. ते ठिपके म्हणजे त्या ठशावरचे खळगे. पाय खरवडणाऱ्याला ते सहजासहजी उमटवता येत नाहीत.

आता आपल्या रेघेकडे वळू. रेघ उंच असेल, तर ती ठशाच्या चिरेतून किंवा ओरखड्यातून आलेली असू शकते. ती खोल असेल, तर बहुधा नाण्यालाच नंतर इजा झालेली असते. दुसरी कसोटीही लावावी. सदोष ठसा बदलेपर्यंत त्याने अनेक नाणी पाडलेली असतात. म्हणून तीच खूण त्याच जागी दुसऱ्या नाण्यांवरही सापडायला हवी.

आणि रेघ उंच निघाली, तरी लगेच पैसे मोजू नका. लहानसहान चिरांची नाणी काही फार दुर्मिळ नसतात. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपले नाव वापरून लोकांकडून शुल्क आणि कर उकळले जात आहेत, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला होता.

करून पाहा : साबणाच्या सपाट वडीवर टाचणीने एक चौपायी प्राणी कोरा. पाय उथळ ठेवा. वडीवर थोडी पावडर भुरभुरवून मऊ शाडूचा गोळा दाबा आणि उचला. आता साबणावर एक आडवी रेघ मारून पुन्हा ठसा घ्या. मग साबण ओल्या फरशीवर थोडा घासून, कोरडा करून तिसरा ठसा घ्या. तिन्ही ठसे शेजारी ठेवून फरक वहीत लिहा.

विचार करा : दोन ठसे एकमेकांवर आदळल्यावर पाडलेल्या नाण्यावर दुसऱ्या बाजूची अक्षरे पुसट दिसतात. ती सुलटी असतील की उलटी? आधी उत्तर लिहा आणि मग साबणाच्या दोन वड्या घेऊन ते तपासून पाहा.