खुब्याचे दुखणे : फरक पडला हे कशावरून ठरवायचे?

रामदासपेठेत दवाखान्यांच्या पाट्या एकीला लागून एक आहेत. त्याच भागातल्या फ्लॅटमध्ये झाडू-पोछा आणि भांड्यांच्या कामाला आपल्या वस्तीतल्या कितीतरी बाया जातात, आणि खुब्याच्या बाजूला दुखते म्हणून कधी ना कधी त्या पाट्यांखालीही जाऊन बसतात. इंजेक्शन होते, गोळ्या होतात, शेक होतो. पुढच्या खेपेला डॉक्टर विचारतात, "फरक आहे का?" बाई म्हणते, "हो, आहे थोडासा." नर्सची नोकरी करताना हे उत्तर मी रोज ऐकले. डॉक्टरांना वाईट वाटू नये, किंवा नाही म्हटले तर आणखी तपासण्या लिहून देतील, म्हणूनही 'हो' म्हटले जाते. केसपेपरवर सुधारणा लिहिली जाते आणि तोच उपचार पुढे चालू राहतो. खर्च आपला.

आधी दुखणे कोणते ते पाहू. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथे कुल्ल्याच्या स्नायूंच्या दोऱ्या येऊन चिकटतात. या दोरीला इंग्रजीत टेंडन आणि मराठीत कंडरा म्हणतात. तिच्यावर ताण आणि दाब फार पडला की ती दुखावते. त्या कुशीवर झोपवत नाही, जिना चढताना कळ येते, बसून उठल्यावर पहिली चार पावले लंगडत टाकावी लागतात. चाळिशीनंतर बायकांना हे पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते. बऱ्याच वेळा त्याला 'सायटिका' किंवा 'गॅप' म्हणून कमरेचेच उपचार चालतात.

हे दुखणे मोजायचे कसे? रक्तात साखर मोजता येते, तसे याचे यंत्र नाही. एमआरआयमध्ये कंडरा खराब दिसते, पण काहीच न दुखणाऱ्या माणसातही तशी दिसू शकते, आणि दुखणे थांबले तरी फोटो पूर्वीसारखाच राहू शकतो. म्हणून बरे वाटते की नाही हे पाहायला पुन्हा एमआरआय काढण्यात अर्थ नाही. मोजायचे ते माणसाला विचारूनच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये याच दुखण्यासाठी ८ प्रश्नांची आणि १०० गुणांची एक प्रश्नावली केली. प्रश्न साधे आहेत : कुशीवर झोपता येते का, जिना चढता येतो का, बसल्यावरून उठताना काय होते, घरकाम किती होते. गुण जितके जास्त तितकी तब्येत बरी.

आपल्याकडे मोजमाप आहेच. "आठ आणे बरं आहे," असे आपली म्हातारी माणसे सहज सांगतात. तेच वहीत लिहायचे. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराने लिहावे. उपचार सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पहिली नोंद हवीच, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? गेल्या आठवड्यातले सगळ्यात वाईट दुखणे ० ते १० मध्ये किती. त्या कुशीवर झोपल्याने रात्री किती वेळा जाग आली. किती मजले न थांबता चढले (काही इमारतींत कामाच्या बाईला लिफ्टने जाऊ देत नाहीत, त्यांना हा आकडा तोंडपाठ असतो). कामाचे किती खाडे पडले. आणि भिंतीला बोट टेकवून दुखऱ्या पायावर उभे राहिल्यावर किती सेकंदांनी कळ आली. ३० सेकंदांपर्यंत पाहायचे, पुढे नाही. हीच नोंद ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, शक्यतो त्याच वारी. रोज लिहू नका, रोज लिहिले की दुखण्याकडेच लक्ष लागते. दुखण्याचा आकडा २ ने तरी उतरला नसेल तर तो फरक धरू नये, तेवढे तर आपोआप खालीवर होते.

एक वर्षाने पुन्हा लिहायचे, कारण झटपट आराम आणि टिकणारा आराम एक नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात २०४ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला ८ आठवडे व्यायाम आणि उठण्या-बसण्याचे शिक्षण, दुसऱ्याला एक स्टेरॉइडचे इंजेक्शन, तिसऱ्याला फक्त धीर आणि सल्ला. आठ आठवड्यांनी "बरेच बरे आहे" म्हणणारे व्यायामाच्या गटात ६६ पैकी ५१, इंजेक्शनच्या गटात ६५ पैकी ३८ आणि नुसत्या सल्ल्याच्या गटात ६८ पैकी २० होते. वर्षाने व्यायामवाले ६५ पैकी ५१, इंजेक्शनवाले ६३ पैकी ३६ आणि सल्लावाले ६० पैकी ३१. म्हणजे विशेष काही न करताही निम्मे लोक वर्षभरात सुधारले. तेलवाल्याचे, पट्टेवाल्याचे नाव होते ते यांच्याच जिवावर. इंजेक्शन वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण दुसरे, तिसरे घेण्याआधी वही उघडून पाहा. साखरेच्या रुग्णाने डॉक्टरांना आधी सांगावे, स्टेरॉइडने काही दिवस साखर वाढते.

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. मेडिकलमध्ये तो विभाग आहे, रामदासपेठेतच जावे लागते असे नाही. घरी करण्यासारखे : कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, एका पायावर भार टाकून कंबर मोडून उभे न राहणे, पोर किंवा पाण्याची गुंडी त्या बाजूच्या कडेवर न घेणे.

एक गोष्ट मात्र वहीवर सोडायची नाही. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, आणि सिकलसेलमध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड खचते. ते दुखणे बहुधा बाजूला नसून पुढे जांघेत असते, आणि तरण्या पोरापोरींनाही होते. मांडी घालून बसताना जांघेत कळ येत असेल, घरात कुणाला सिकलसेल असेल, तर १२ आठवडे थांबू नका. मेडिकल किंवा मेयोत हाडांच्या ओपीडीत दाखवा आणि सिकलसेलचे कार्ड सोबत न्या. ताप, पडल्यानंतर पाय टेकवता न येणे, अचानक वजन उतरणे, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी जा.