उन्हाळी कपडा : आधी प्रसंग विचारा, मग थान उघडा

उन्हाळ्यात गिऱ्हाईक दुकानात येते आणि "थंड कपडा दाखवा" म्हणते. आपण लगेच थान उघडतो. आमचे म्हणणे असे की, थान उघडण्यापूर्वी कपडा कशासाठी हवा ते विचारावे. दुकानात बसण्यासाठी, जुम्यासाठी, निकाहसाठी की हजसाठी? एका प्रसंगाला उत्तम ठरणारा कपडा दुसऱ्या प्रसंगी पैसे वाया घालवतो, आणि गिऱ्हाईक दोष आपल्यालाच देते.

प्रथम धाग्याची गोष्ट. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सुती कपडा घाम शोषतो आणि पॉलिएस्टरखाली घाम अंगावरच राहतो. टेरिकॉट या दोहोंच्या मधला. तो टिकतो, कमी चुरगळतो, कामाच्या कपड्याला वाईट नाही. पण त्याला 'प्युअर कॉटन' सांगून विकणे ही फसवणूक आहे. धान्याच्या ढिगात खाली ओले धान्य सापडले, तेव्हा ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला विचारले होते. कापडालाही तोच नियम. शंका आल्यास दोन धागे ओढून जाळावेत. सूत कागदासारखे जळते व राख हलकी पडते; पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो; खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो. रेयॉन मात्र सुतासारखाच जळतो, तेथे ही परीक्षा चालत नाही.

जुम्याच्या कुर्त्याला पांढरी मलमल किंवा वायल सर्वांत थंड. परंतु मलमलीतून अंग दिसते, म्हणून आत बनियन हवे, आणि पायजमा लठ्ठ्याचाच शिवावा. नमाजमध्ये सतर झाकणे आवश्यक आहे. तेथे थंडाव्याचा विचार नंतर. सुती कपडा आटतो हेही आधीच सांगावे. शेकडा पाच आटला तरी 42 इंची कुर्ता दोन इंचांनी आखूड होतो. शिंपी बंधूंनी कपडा भिजवून, वाळवून मगच कात्री लावावी.

निकाहचा कपडा हा खरा अवघड विषय. मे महिन्यातील लग्नात नवरदेवाला जाड पॉलिएस्टर ब्रोकेडची शेरवानी चढवतात आणि बिचारा खुर्चीवर घामाघूम होतो. घरचे लोक 'सिल्क' मागतात. शुद्ध रेशीम पुरुषांना जायज नाही, हे दुकानदाराने अदबीने सांगावे. बाजारातील बरेचसे 'सिल्क' हे आर्ट सिल्क असते, तेही सांगावे. यावर जुना उपाय गुजरातेत पाटण व मांडवीकडे विणला जाणारा मशरू. नावातच 'शरअ' आहे, म्हणजे शरीअतने परवानगी दिलेला. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. वरून चमक रेशमाची, अंगाला लागते ते सूत. ताणा रेशमी व बाणा सुती असा कपडा हनफी मसल्यात जायज आहे. कोकणातील शाफई बांधवांत हिशोब वेगळा असल्याने त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. आज मिळणाऱ्या मशरूत रेशमाऐवजी बहुधा रेयॉन असतो, म्हणजे तो प्रश्नही राहत नाही.

स्त्रियांच्या पोशाखात सगळी गडबड अस्तरात होते. वर उत्तम लॉन किंवा केंब्रिक, आणि आत मीटरमागे थोडे पैसे वाचवण्यासाठी पॉलिएस्टरचे अस्तर! मग वरच्या कपड्याचा थंडावा गेलाच समजा. सूट विकतानाच सुती अस्तराचा कपडा सोबत मोजून द्यावा. बुरख्याबाबत काळ्या रंगाची तक्रार नेहमी ऐकू येते. वाळवंटातील बदू लोकांच्या काळ्या व पांढऱ्या झग्यांची तुलना 1980 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आली होती. झगा सैल असला तर दोन्ही रंगांत अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच निघाली. तेव्हा रंगाची चिंता सोडून घेर वाढवावा. अंगाबरोबर शिवलेला बुरखा उन्हाळ्यातही वाईट आणि पर्द्याच्या दृष्टीनेही.

हजचे एहराम विकणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टॉवेलच्या कपड्याचा एहराम घाम भरपूर पितो, पण जड होतो आणि वाळायला वेळ घेतो. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 50 अंशांच्या वर गेला होता. अशा उन्हात खांद्यावरची चादर हलक्या सुती कपड्याची व कमरेची जाड, असा जोड द्यावा.

शेवटी माल भरण्याविषयी. रमजान ईद 2023 साली 22 एप्रिलला, 2024 साली 11 एप्रिलला आणि 2025 साली 31 मार्चला झाली. म्हणजे ती उन्हाळ्यातून मागे सरकत आहे, आणि तिच्या मागोमाग बकरी ईद जूनमधून मे महिन्यात येत आहे. मालेगाव-भिवंडीच्या मागावरून कोरा कपडा निघून धुलाई-रंगाई होईपर्यंत बरेच दिवस जातात. म्हणून ईदचा पांढरा माल रमजानचा हिशोब करून आधी सांगावा, आणि वायल-लॉनचा दुसरा हप्ता लग्ने व बकरी ईद धरून एप्रिलमध्ये उतरेल असा ठेवावा. गेल्या वर्षीच्या वहीतील इंग्रजी तारखा पाहून ऑर्डर दिली, तर ऐन गर्दीच्या वेळी फडताळ रिकामे राहील.